डोणी ओलीच असते

९ मार्च, रविवार

डोणी आली. टेम्पोतून अर्धी बाहेर, शेपटाला लाल फडकं बांधून, बदलापूरहून उल्हासनगरपर्यंत. हरीशभाईंनी गाळ्याचं शटर वर केलं आणि कपाळाला हात लावला. "दीदी, कपाट लाओ, पलंग लाओ. ये क्या मगरमच्छ उठा लाए?"

तशीच दिसते खरी. काळी, लांबट, आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली होडी. गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवली होती इतकी वर्षं. चुलीचा धूर आणि शेणाची वाफ खाऊन अंगावर बोटभर काजळी चढलीय. मालक बाळारामकाका टेम्पोत तिच्याजवळच बसून आले, एक हात तिच्या काठावर. हमाल उतरवायला लागले तेव्हा म्हणाले, "जपून रं पोरांनो. बापाची हाय ती."

हरीशभाईंचं जुनं फर्निचर दुरुस्त करणं हे माझं काम. होड्या म्हणजे हौस. मागची होडी एका फार्महाऊसवाल्याने उभी कापून बाटल्यांचं कपाट करून घेतली माझ्याकडून. ही तशी जाऊ द्यायची नाही.

घरी नवऱ्याला, विलासला सांगितलं. तो म्हणाला, "किती दिवस?" म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

११ मार्च

काजळी उतरतेय. नुसतं कोमट पाणी, सोड्याची चिमूट, मऊ ब्रश. खालून वाकसाच्या, लाकूड तासायच्या हत्याराच्या, खुणा निघाल्या. एकेक घाव दिसतो, बोट ठेवलं की बोट बसतं त्यात. आणि तळाला मोठी चीर, जवळजवळ हातभर. ती कुणीतरी काथ्याने शिवलीय! दोन्ही बाजूंना भोकं पाडून, गोधडीला घालतात तसे टाके, वरून राळ. राळ दगडासारखी झालीय.

राहवेना, सबनीस मॅडमना फोन केला. कात्रपला राहतात, शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्याच शाळेच्या दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडल्यात. संध्याकाळी रिक्षा करून हजर. चष्मा काढून टाक्यांवर डोळे टेकवले. "सुनंदाबाई, एकही टाका उसवू नका. एकही. मला शब्द द्या."

दिला.

गाळ्यामागचा नाला आज जांभळा होता. फेस येत होता. हरीशभाईंनी मागची खिडकी खिळे ठोकून बंद केली.

१५ मार्च

लाकडी ठोकळ्याने ठोकून पाहिली. पुढून मधापर्यंत आवाज भरीव, खणखणीत. चिरेच्या मागे बदलतो. शेपटाकडे तर भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. टोच्या लावला. जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओलसर तपकिरी भुसा. तो वास. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीत येतो तसा.

आढ्याला कोरड्यात टांगलेली वस्तू. मग ओल आली कुठून? काकांना फोन केला. म्हणाले, मागल्या पुरात पाणी आढ्यापर्यंत चढलं होतं. चार दिवस डोणी टांगल्या जागीच पाण्यात होती.

गोठ्याच्या आढ्यापर्यंत. आकडा नाही सांगितला, हाताने दाखवत असणार तिकडे फोनवरच.

२३ मार्च, रविवार

काकांच्या पाड्यावर गेले. विलास सोबत. बदलापूरच्या पुढे, नदी वळते तिथे, डांबरी रस्ता सोडून खाली उतरायचं. पंचवीस-तीस घरं, काही कौलारू, दोन-तीन स्लॅबची. काकांचा मुलगा नितीन अंबरनाथला एमआयडीसीत सुपरवायझर आहे. त्याने एक मजला चढवलाय.

नदीत पाणी कमी, हिरवट. समोरच्या काठावर मातीचा भराव चाललाय. डंपर येतो, उलटतो, धुरळा उडतो, दुसरा येतो. मोठं काहीतरी होणार म्हणे, सात-आठ बिल्डिंगा. नितीन म्हणाला, "गेल्या सालपेक्षा काठ पुढे आलाय ताई. उधर से जगह कम हुई, तो पानी किधर आएगा? इधरच ना." हसत म्हणाला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

काकींनी चहा दिला आणि सासूचं सांगितलं. मागल्या पुरात सगळे कौलांवर बसून होते. बचावाची बोट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. गल्लीत वळेना म्हणून पुन्हा मागे गेली, लहान बोट घेऊन आली. तोवर म्हातारी गार पडली होती. "बसल्या जागी गेली. माझे मांडीवर डोकं व्हतं," काकी म्हणाल्या. पदराने कप पुसत होत्या, आधीच पुसलेला.

निघताना काका म्हणाले, "पावसाच्या आधी पान्यान सोडायची हाय डोनी. मंग आमाला कोनाची वाट नाय बघाय लागनार."

इतके दिवस मी समजून होते की सांभाळून ठेवण्यासाठी दिलीय. विचारलंच नव्हतं.

परतताना विलास म्हणाला, "तू त्या बाईंना शब्द दिलास ना?"

१४ एप्रिल

जयंती. बुवापाड्यात आईकडे. सकाळी वंदना, मग मिरवणूक, पोरांचे डीजे, निळे फेटे. आईने खीर केली होती. सगळे विचारत होते, कंपनी बंद झाली तर आता काय करतेस. म्हटलं, होडी दुरुस्त करतेय. हसले. अठरा वर्षं रेझिनच्या लॅबमध्ये काढली आणि आता होडी!

आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "ती बुडाली तर तुझं नाव येईल का?"

"नाव नाही येणार आई."

"मग तुला झोप येईल का?"

२० एप्रिल, रविवार

दोघांना एकत्र बोलावलं गाळ्यावर, काका आणि सबनीस मॅडम. मला वाटलं बोलून सुटेल.

मॅडम अदबीने म्हणाल्या, "काका, हे तुमच्या वडिलांच्या हातचे टाके आहेत. असे टाके मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. पाणी अडवायला वर फायबरचा लेप चढला की झाकले जातील, कायमचे."

"बापानं टाके कशाला घातले मॅडम? पानी आत येव नये म्हून. दाखवाया नाय घातले."

"मान्य. पण मग नवी होडी घ्या ना. ही जीर्ण झालीय. हिला का ओढताय पुरात?"

काका शटरबाहेर बघत राहिले. मग जरा घुश्श्यात, "नवीन कोन देतंय? दोन वरसं पालिकेत खेटे मारतो. बघतो बोलतान." आणि मग हळू, "हीच पायजे मला. आय गेली तवा ही वर टांगलेली व्हती. तिथंच, गोठ्यान. मी सोडली नाय. फुटलेली व्हती म्हून."

मॅडमनी चष्मा पुसला. हरीशभाईंनी मध्येच लस्सी मागवली. सगळ्यांनी प्यायली, भांडण झालेल्या लग्नघरात पितात तशी.

जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शब्दातून मोकळं केलं तुम्हाला. पण मला एक सांगा, ती पाण्यात टिकेल का?"

४ मे

उत्तर शोधतेय.

(अ) जशी आहे तशी ठेवणं. टाके, राळ, काजळीसुद्धा. खोलीत छान दिसेल. पाण्यात गेली तर शेपटातून भरेल.

(आ) सडकं सगळं कापून काढायचं. म्हणजे मागचा तिसरा हिस्सा आणि चिरेची एक कड. नवं लाकूड, नवा तळ. मजबूत होईल. मग तिच्यात काकांचे वडील किती उरले?

(इ) नितीन म्हणतो ते. "बाहेरून फायबर मारा ना, खतम. आमच्या कंपनीत टाक्यांना मारतात."

तिसऱ्याचीच भीती वाटते. फायबर काय करतं ते मी जन्मभर पाहिलंय. कोरड्या लाकडावर चढवलं तर कवच. ओल्या लाकडावर चढवलं तर झाकण. आतली ओल आतच राहते, उबते, लाकूड खाते. वरून चकचकीत. पाहून कळत नाही, ठोकूनही नाही. एक दिवस कवच धरून राहतं आणि आतला माणूस गेलेला असतो, तसं काहीतरी.

तिला उन्हाळाभर वाळवायला हवी.

११ मे

ठरवलं. मधला रस्ता. शेपटाचं सडकं कापलं, जुन्या दारांच्या सागाचा ठोकळा तिरपा सांधा करून बसवला. चिरेचे टाके आतून आहेत तसे ठेवले. बाहेरून फायबर. पण लाकूड पुरतं वाळल्यावरच. नितीनला बजावून सांगितलं, जूनचा दुसरा आठवडा. तोवर गाळ्यात, पंख्याखाली.

मॅडमना फोटो पाठवले. उत्तर आलं: "ना जुनी, ना नवी." पुढे काही नाही. रागावल्यात की नाही कळेना.

कापलेला सडका तुकडा टाकवेना. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. चार दिवसांनी पिशवी आतून घामेजली. टाकून दिला.

२१ मे, बुधवार

पाऊस यंदा लवकर म्हणतायत. आज दुपारी तीनला अंधारलं. नितीनचा फोन, सकाळपासून तिसरा. "ताई, धरणाच्या खालच्या गावांना आत्ताच सांगून ठेवलंय, सामान हलवा म्हणून. कधी देताय?"

ओल मोजायचं यंत्र लावलं. पुढे काटा हिरव्या पट्ट्यात. चिरेपाशी पिवळ्यात. सांध्यापाशी, जुन्या लाकडात, लाल. रोज लाल. पंखा चालू आहे, हॅलोजन लावलाय, हरीशभाई लाईट बिलावरून कुरकुरत नाहीत हेच नवल. तरी लाल. हवेतच पाणी आहे, लाकूड कुठे सोडणार?

२५ मे, रविवार

काका स्वतः आले. छत्री घेऊन. यंत्र दाखवलं त्यांना, काटा दाखवला. "काका, आत ओल आहे. आत्ता फायबर चढवलं तर आत कोंडेल. यंदा काही होणार नाही कदाचित. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या... कधी ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

काकांनी नीट ऐकलं. डोणीवरून हात फिरवला. म्हणाले, "ताई, डोनी ओलीच असते. कोरडी डोनी कवा बघितली तुमी?"

"तसं नाही काका..."

"यंदाचं बघा. पुढचं पुढं."

ते गेल्यावर विलासला फोन केला. तो म्हणाला, "नको म्हण. सरळ नको म्हण आणि परत पाठव." बरोबर होतं त्याचं. पण परत पाठवली तर ते तशीच सोडतील, फुटकी. नितीन बाजारातून डबे आणून स्वतः लेप मारेल. हे मला दिसत होतं. मग निदान माझ्या हाताने तरी...

हे खरं कारण की मी स्वतःला सांगितलेलं? लिहून ठेवते, पुन्हा वाचेन.

२८ मे

चढवलं. दोन थर. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचं माप पावसाळी हवेला धरून. काम सुबक झालं, हे मान्य करायला हवं. रंग आमच्या बंद पडलेल्या कंपनीच्या शेडकार्डमधला काळा, जुन्या लाकडाशी जुळणारा. हरीशभाई म्हणाले, "अरे वाह दीदी, मर्सिडीज!"

वाळल्यावर ठोकून पाहिली. पुढे, मध्ये, मागे. सगळीकडे सारखा आवाज. भरीव, छान.

हात धुताना लक्षात आलं, हे पहिल्यांदाच होतंय. आजवर ठोकल्यावर ती काहीतरी सांगायची.

८ जून, रविवार

पाण्यात सोडली. पाड्यावरची सगळी माणसं काठावर. काकींनी नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला. काका वल्हं घेऊन मागे, मी मध्ये. नदी फुगलेली नाही अजून, गढूळ झालीय. डोणी काठ सोडून निघाली आणि काकांचा चेहरा... लिहिता येत नाही. साठीचा माणूस दहा वर्षांचा दिसला.

तळाला हात लावून बसले होते मी. कोरडा. टाक्यांपाशीही कोरडा.

समोरचा भराव आता आमच्या डोक्यापेक्षा उंच. त्याच्या पायथ्याशी नदी आपटून आपल्याकडे वळते, तिथे पाण्यात भोवरा दिसतो. मागच्या खेपेला नव्हता. काकांना विचारलं. म्हणाले, "हा नवीन हाय." आणि लांबून वळसा घेतला.

९ जुलै

रात्रभर पाऊस होता, सकाळी नितीनचा व्हिडिओ. पाड्यात पाणी कमरेएवढं, आणि डोणी चाललीय गल्लीतून! काका मागे उभे, बांबू टेकत. आत दोन बाया, एक शेळी, गॅसचा सिलिंडर. पुन्हा व्हिडिओ: एका लंगड्या आजोबांना खुर्चीसकट उचलून डोणीत ठेवतायत. सगळे ओरडतायत, हसतायत. एकही माणूस कौलावर बसला नाही यंदा.

फोनवर काकी रडत होत्या. "ताई, तुमचे हाताला यश देवो."

विलासने जिलबी आणली. म्हणाला, "चुकलो मी. नको म्हणाली असतीस तर?" मी खाल्ली जिलबी. गोड लागली, खोटं का बोलू.

१३ जुलै, रविवार

पाड्यावर गेले. रस्त्याच्या तोंडाशी फ्लेक्स. डोणीचा फोटो, वर कुणा पुढाऱ्याचा चेहरा, 'आपत्तीत सज्ज'.

नितीन खुशीत. सांगत होता, पालिकेचा माणूस पाहणीला आला होता. वळणाजवळ एक बचावाची बोट ठेवायची असं ठरत होतं, ती आता वरच्या वस्तीला देणार. "बोलला, तुमच्याकडे आहे ना होडी. तुम्ही तर आत्मनिर्भर झालात."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हा बोललो ना. उनको भी जरूरत है."

मी कधी म्हणाले होते बोट नको म्हणून? डोणी मदतीला, असं होतं ना? आता तीच एकटी.

घरी येऊन पालिकेत फोन लावला. म्हणाले, सोमवारी करा.

२७ जुलै

फोड आलाय.

तळाला, सागाचा सांधा जुन्या लाकडाला मिळतो त्याच्या जरा पुढे. हाताएवढा. दिसत नाही, पण तळवा फिरवला की उंचवटा लागतो. अंगठ्याने दाबलं. दबला, आणि परत वर आला. आत पाणी आहे.

सुईने टोचलं. चहासारखं पाणी आलं. तोच वास.

वर्ष-दोन वर्षं म्हणत होते मी. दोन महिनेही झाले नाहीत. पुरात कुठेतरी घासली असणार, दगडावर, कुंपणाच्या तारेवर. बाहेरून पाणी शिरलं, आतली ओल होतीच.

काकांचा हात धरून त्या जागी ठेवला. "दाबा." दाबलं त्यांनी. त्यांनाही कळलं, चेहऱ्यावरून दिसलं मला. पण म्हणाले, "एवढाच ना?"

"एवढाच हाताला लागतोय काका. आत कुठवर गेलाय ते कापल्याशिवाय कळणार नाही. गाळ्यावर न्यायला हवी. आत्ताच."

नितीन मध्ये पडला. "ताई, दिवाळीनंतर आणतो. आत्ता नेली आणि पाणी आलं तर? लोक मला विचारतील, होडी किधर है."

"आणि पाणी आलं आणि ही मध्येच..."

"काही होत नाही. कितनी मजबूत है, तुम्हीच बनवली ना."

डोणी तिथेच ठेवून परत आले.

३ ऑगस्ट

सबनीस मॅडमकडे गेले. का गेले माहीत नाही. त्यांनी 'सांगितलं होतं' असं म्हणावं म्हणून असेल. त्या नाही म्हणाल्या. चहा केला. मग स्वतःच फोन उचलला. त्यांचा एक जुना विद्यार्थी पालिकेत आहे. "ती बोट वळणावरच ठेवा. होडी नादुरुस्त आहे. हो, मी जबाबदारीने सांगतेय." पलीकडून तो हो मॅडम, हो मॅडम करत होता.

फोन ठेवून म्हणाल्या, "हो म्हणालाय. नेहमीच म्हणायचा, गृहपाठाच्या वेळीसुद्धा."

दारापर्यंत आल्या. "सुनंदाबाई, मी तेव्हा हट्ट सोडायला नको होता का?"

म्हटलं, "सोडला नसता तर नऊ जुलैला ते आजोबा कुठे असते?"



१२ ऑगस्ट

बोट आलेली नाही. विद्यार्थी फोन उचलत नाही. मी कार्यालयात जाऊन आले. साहेब मीटिंगमध्ये.

विलास म्हणतो, "तू सांगितलंस. दाखवलंस. आता ती तुझी जबाबदारी नाही."

"मग कोणाची?"

"त्यांची."

"ते माझ्यावर विश्वास ठेवून बसतायत तिच्यात."

तो टीव्ही लावून बसला. आवाज नव्हता लावला.

मनात एक विचार येतोय दोन दिवस. पाड्यावर जायचं, कुणी नसताना, आणि तळाला ड्रिलने मोठं भोक पाडायचं. सरळ दिसेल असं. मग कुणी बसणार नाही. मग पालिकेला बोट द्यावीच लागेल. ड्रिल पर्समध्ये मावत नाही, पण पिशवीत मावतं. इथवर विचार झालाय.

पण बोट द्यावीच लागेल हे कशावरून? आणि नाही दिली तर?

१७ ऑगस्ट, रविवार

टेम्पो ठरवलाय. परवा सकाळी. नितीन कामावर असतो तेव्हा काकांशी नीट बोलेन, काकींना मध्ये घेईन. हरीशभाई म्हणाले, "गाळा खाली कर देता हूं दीदी. आठ दिन में खोल के बांध देंगे." त्यांनी सोफे रस्त्यावर काढायची तयारी केलीय. आठ दिवसांत होणार नाही, ते त्यांनाही ठाऊक आहे. पण सडकं कापून, ताजा सांधा मारून, निदान...

संततधार लागलीय. थांबतच नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाड्यावरून. नितीनच्या वरच्या मजल्यावर बसून लिहितेय.

सकाळी आले तेव्हा पाणी काठातच होतं. टेम्पोवाल्याने खाली उतरायला नकार दिला, चढावरच थांबला. चालत आले. काका हो म्हणाले! काकींनी म्हणायला लावलं. चौघांनी मिळून डोणी गोठ्यातून बाहेर काढलीसुद्धा. मग भोंगा. धरणाचा. काकी म्हणाल्या, एकदा वाजला की वेळ असतो. तो थांबेचना.

पाणी नदीकडून नाही आलं. मागच्या ओढ्यातून आलं, चढाच्या बाजूने. रस्ता पहिल्यांदा गेला. टेम्पोवाला पळाला असणार, बरं झालं. समोरच्या भरावाचा एक कडा खचून पाण्यात गेला, इथवर धप्प ऐकू आलं, आणि त्यानंतर पाणी एकदम वाढलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. डोणी पाण्यात गेली.

विलासचा फोन लागला होता एकदा. "तिथेच थांब, वर थांब," म्हणाला. मग कट. पालिकेत लागला. बोट निघालीय म्हणतात. कुठून निघाली ते सांगत नाहीत.

एक फेरी झाली. लहान मुलं आणि त्यांच्या आया. मंदिराच्या टेकाडावर सोडलं. दुसऱ्या फेरीला लंगडे आजोबा, त्यांची सून, अजून दोन-तीन. डोणी परत येताना पाहिली तेव्हा काका एका हाताने डब्याने पाणी उपसत होते. पावसाचं असेल. पाऊसही तेवढा आहे. पण मागचा भाग खाली बसतोय. इथून दिसतो.

आता वर राहिलोय आम्ही सहा. काकी, शेजारच्या दोघी, एक बाळंतीण आणि तिचं बाळ, मी. खालच्या मजल्याची खिडकी आत्ता दिसेनाशी झाली. घर नवीन आहे, टिकेल, असं काकी म्हणतायत. जिन्यात पाणी पायरी पायरी चढतंय. भिंतीला हात लावला तर थरथर लागते.

थांबायचं की जायचं, हे मला विचारतायत. सगळ्या माझ्याकडेच बघतायत. डोणी मी केलीय ना.

काका परत आलेत, खाली जिन्याच्या तोंडाशी डोणी लावलीय. हाक मारतायत. "चला, ताई! तुमी नाळीशी बसा, पुढं. तिथं सुकं हाय."

बाळंतिणीला पुढे बसवलं. मी मागे बसणार आहे. सांध्यापाशी. पाणी शिरलं तर कोंबायला ओढणी सोडून ठेवलीय, दुमडून. फोड बाहेरून आहे, आतून तो कुठे येतो ते माझ्या हाताला माहीत आहे, आणि तिथे हात दाबून धरायला कुणीतरी हवं.